मालखेडीचा हिरवा गुलाब

मालखेडीत शिरताना उजव्या हाताला एक दगडी ओटा लागतो. वर चिंचेची सावली, चढायला तीन पायऱ्या आणि चारही बाजूंना गुलाबांचे ताटवे: लाल, गुलाबी, पिवळा, पांढरा. हे रंग कुठल्याही रोपवाटिकेत मिळतात. पाहुणे थबकतात ते खालच्या पायरीशी असलेल्या पाचव्या झाडापाशी. त्याला हिरवी फुलं येतात. फूल तरी कसं म्हणावं, त्याला पाकळ्याच नाहीत. बारीक पानांची घट्ट गुंडी असावी तसं ते दिसतं. वास नसल्यातच जमा. हे फूल देवाला वाहत नाहीत, केसांत माळत नाहीत. तरी या झाडाला वगळून मालखेडीत एकही लग्न ठरत नाही.

ओट्याची झाडलोट आणि झाडांची निगा हौसाआत्या गुरव करतात. पाहुण्यांना माहिती सांगण्याचं कामही आपसूक त्यांच्याकडेच आलेलं आहे. हल्लीचे पाहुणे स्वतःच माहिती घेऊन येतात. लाल म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मैत्री, गुलाबी म्हणजे आभार, पांढरा म्हणजे शांती, असं बोटांवर मोजून दाखवतात. हौसाआत्या सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "आणि नको म्हणायचं असेल तर कुठला?"

याचं उत्तर कुणाकडे नसतं.

एके दिवशी आलेल्या कॉलेजच्या घोळक्याकडेही नव्हतं. त्यात एक मुलगा होता. चकचकीत कागदातला लाल गुलाब त्याने पाठीमागे धरला होता आणि तो कुणाला दिसत नाही असं त्याला वाटत होतं. शेजारच्या मुलीला तो केव्हाच दिसला होता. हौसाआत्यांनाही दिसला. त्या म्हणाल्या, "बसा सावलीला. फूल द्यायच्या आधी हे ऐकून घ्या."

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा सगळी मालखेडी गुलाबाची होती, असं सांगतात. घरटी ताटवा होता आणि सकाळी टोपल्या भरून फुलं बाजाराला जात. गावाचा कारभार या ओट्यावर चाले. ओट्यावर पंच बसत आणि ओट्यासमोर बाईमाणसाने बोलायचं नाही असा रिवाज होता. पण लग्न ठरवायचं तर ते मुलीचं, आणि तिला विचारलं नाही असं नको दिसायला. तेव्हा कुण्या जुन्या पंचाने तोड काढली. मुलीपुढे फुलांचं ताट ठेवायचं आणि तिने फूल उचलून उत्तर द्यायचं.

लाल फूल म्हणजे होकार. गुलाबी म्हणजे होकार, पण मुलगी लाजते आहे. पिवळं म्हणजे होकार, पण हळद पुढच्या वर्षी लावा. पांढरं म्हणजे होकार, पण घरात सुतक आहे ते फिटू द्या. आणि मुलीने काहीच न उचलता नुसती मान खाली घातली तर? तर मौन म्हणजे संमती. त्याचीही सोय होती.

मालखेडीच्या पंचांना या रिवाजाचा मोठा अभिमान होता. दुसऱ्या गावी गेले की ते मिशीवर हात फिरवून सांगत, "आमच्याकडे पोरीला विचारल्याबिगर काही होत नाही." ताटात एक फूल कमी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. बायकांच्या आलं होतं. पण ओट्यासमोर बोलायचं नाही, हा रिवाज त्याही आधीचा होता.

त्या काळी हरबाजी माळी थोरले पंच होते. त्यांची नात सगुणा. तिचे आईबाप लहानपणीच गेले, म्हणून ती आजोबांच्या आणि मंजुळाआजीच्या हाताखाली वाढली. जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात चांगल्या झाडाचा डोळा बसवतात, त्याला डोळा भरणं म्हणतात. सगुणाने भरलेला डोळा कधी वाळत नसे म्हणे. पोर हाताने जेवढी हळुवार, तेवढीच तोंडाने तिखट होती. लहान असतानाच तिने आजोबांना विचारलं होतं, "आबा, नवरा नको असला तर कुठलं फूल?"

"नको कशाला असेल?" हरबाजी म्हणाले होते. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

सगुणा लग्नाची झाली तेव्हा वरच्या गावच्या नागोजी पाटलाचं मागणं आलं. पाटलाच्या दोन बायका होऊन गेल्या होत्या आणि थोरला मुलगा सगुणाच्याच वयाचा होता. पण पाटलाकडे बंधारा होता. त्या बंधाऱ्याचं पाणी पाटाने खाली मालखेडीत येई आणि त्यावर गावाचे ताटवे जगत. आजवर ते भलेपणाने मिळत होतं. पाटलाने निरोप असा धाडला: पाणी तुमचंच आहे, सोयरीक झाली की ते कायमचं तुमचं होईल. सोयरीक झाली नाही तर काय होईल, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

पंच एका बैठकीत राजी झाले. हरबाजींचा नातीवर जीव होता, हेही खरंच सांगतात. पण त्यांनी घरी येऊन तिला जे सांगितलं ते पाण्याबद्दल होतं, पाटलाबद्दल नव्हतं. सगळं ऐकून ती चुलीपाशी आजीजवळ जाऊन बसली.

"आजी, उद्या मी काय उचलू?"

मंजुळाआजी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "ताटात असेल ते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पंच बसले, पाटील बसला, गाव गोळा झालं. ताट आलं. सगुणाने हात पुढे केला आणि लाल फूल उचललं. पंचांनी सुस्कारा टाकला. पाटील हसला. मग सगुणाने त्या फुलाची एकेक पाकळी खुडून परत ताटात टाकली. हातात नुसती पानांची काडी उरली. ती घेऊन ती पायऱ्या उतरली, खालच्या पायरीशी माती उकरली, काडी रोवली आणि पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं. एक अक्षर ती बोलली नाही. रिवाज मोडला असं कुणाला म्हणता येईना आणि पाळला असंही म्हणता येईना.

पंचांची कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, लाल उचललं म्हणजे होकार झाला. दुसरा म्हणाला, पण पाकळ्या परत टाकल्या की. तिसऱ्याने विचारलं, काडीचा अर्थ काय धरायचा. काडीचा अर्थ कुणी लावून ठेवलेला नव्हता.

शेवटी पाटीलच हसून म्हणाला, "पोर हौशी आहे. लावू द्या की काडी. फूल येईतो थांबतो मी. लाल झाडाची काडी, लालच फुलणार. दुसरं काय येणार तिला?"

हरबाजींना हायसं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "या काडीला येईल ते फूल पोरीचं उत्तर. हा ओट्याचा शब्द."

त्या दिवशी घरी मंजुळाआजीने नातीला विचारलं, "हे काय करून बसलीस? लाल येणार ते. तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"ते येईपर्यंतचे दिवस तरी माझे आहेत," सगुणा म्हणाली.

नुसत्या दिवसांवर मात्र तिचं समाधान नव्हतं. गावाखालच्या ओढ्याकाठी साती आसरांचं ठाणं आहे. पाण्यातल्या त्या सात बहिणींना सगुणाने नवस बोलला, असं सांगतात. काडीला माझं उत्तर येऊ दे, मी जन्मभर केसांत फूल माळणार नाही. माळ्याच्या पोरीने असा नवस बोलायचा म्हणजे सुताराने स्वतःच्या घराला दार न बसवता राहण्यासारखं होतं. पण तिच्याकडे देण्याजोगं तेवढंच होतं. त्या सकाळपासून तिने वेणीत फूल घातलं नाही. काडीला पाणी घालायची तेही ओढ्यावरून डोक्यावर आणून. पाट हाताच्या अंतरावर वाहत होता, पण पाटलाचं पाणी तिने त्या काडीला लागू दिलं नाही.

काडी जगली. तिला फुटवा आला. होळीच्या सुमाराला तिच्यावर एक कळी धरली. कळी हिरवी होती. पण गुलाबाची कळी आधी हिरवीच असते, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. वरचं हिरवं उलगडलं की आत रंग दिसतो. पंच येताजाता वाकून बघू लागले. पाटलाने तर हिरवा चुडाही आणून ठेवला म्हणे. सगुणाही रोज बघत होती. तिला झोप लागत नव्हती आणि ते ती कुणाला सांगत नव्हती.

एका सकाळी कळीचं वरचं हिरवं उलगडलं. आत हिरवं होतं. तेही उलगडलं. त्याच्या आतही हिरवंच होतं.

लाल झाडाच्या काडीला हिरवं फूल कसं आलं, हे पाहुणे हमखास विचारतात. याची दोन उत्तरं सांगतात. एक असं, की आसरांनी नवस ऐकला. दुसरं असं, की ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कधी कुणी न पाहिलेलं रानझाड होतं, त्याचा डोळा सगुणाने आणून काडीत भरला आणि काडीचा लाल फुटवा खुडून टाकला. हौसाआत्या दोन्ही उत्तरं सांगतात आणि कुठलं खरं ते सांगत नाहीत. आग्रहच केला तर म्हणतात, "आसरांनीच तिला झाड दाखवलं असेल. भांडता कशाला?"

पंचांनी मात्र चमत्कार लगेच मान्य केला. म्हाताऱ्या माणसांना पोरीच्या नकारापेक्षा चमत्कार पटायला सोपा जातो. ओट्यावर बैठक बसली, पाटील आला आणि आता हिरव्याचा अर्थ काय यावर खल सुरू झाला. सगुणा खाली झाडापाशी उभी होती. आज तरी ही माणसं झाडाकडे बघून समजतील, असं तिला वाटत होतं.

एक पंच म्हणाला, "हिरवा म्हणजे सौभाग्याचा रंग. चुडा हिरवा, ओटीचा खण हिरवा, वधूचं लुगडं हिरवं."

दुसऱ्याने मान डोलावली. "साक्षात देवीने सांगितलंय. लालापेक्षा हा मोठा होकार झाला."

"म्हणजे हिरवं पण होयच," तिसरा म्हणाला, आणि पाटलाने चुड्याची पेटी पुढे सरकवली.

सगुणाने हे ऐकलं. चार होकार कमी होते म्हणून त्यांनी पाचवाही करून घेतला होता. उद्या काडीला काटेच काटे आले असते तरी यांनी त्याचा अर्थ होयच लावला असता. दोष फुलांच्या रंगात नव्हता. रंगांचे अर्थ कोण सांगतं, त्यात होता. तिने ते फूल खुडलं, पायऱ्या चढली आणि जिथे कुठलीच बाई कधी बोलली नव्हती तिथे उभी राहून बोलली.

"झाड मी लावलं, पाणी मी घातलं. याचा अर्थही मीच सांगणार. याचा अर्थ नाही."

कुणीतरी म्हणालं, "अगं, ओट्यावर..."

"नाही," ती पुन्हा म्हणाली. "आबा, तुम्ही शब्द दिलाय. काडीला येईल ते माझं उत्तर. ते हे आहे."

हरबाजींनी पाटलाकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, मग नातीच्या हातातल्या फुलाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "ओट्याचा शब्द दिलेला आहे. तो फिरणार नाही."

पाटील उठला. पागोटं सारखं करून म्हणाला, "फूल तुमचं, पाणी आमचं." संध्याकाळच्या आत पाट कोरडा पडला.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं ते संपलं नाही. तो उन्हाळा मालखेडीला फार जड गेला. आधी पिवळे ताटवे वाळले, मग गुलाबी. बायका ओढ्याचं पाणी डोक्यावर वाहून मान मोडेपर्यंत झाडं जगवत होत्या. गावात बोलणी सुरू झाली. सगुणा घागर घेऊन ओट्यावरून जाताना एका म्हाताऱ्याने तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "एका पोरीच्या नाहीपायी गाव वाळलं."

सगुणा थांबली. "काका, गाव आजवर एका पोरीच्या होयवर फुलत होतं का? मग ओढ्याला बांध घालायचं गावचा कारभार बघणाऱ्यांना कधी सुचलं नाही ते?"

काकांनी तोंड फिरवलं. सगुणाला मात्र रात्री रडू आलं, असं सांगतात, कारण वाळलेल्या ताटव्यांतले निम्मे डोळे तिनेच भरलेले होते. पुढे चिडून का होईना, गावाने ओढ्यात दगड रचायला घेतले. तो बांध अजून उभा आहे आणि मालखेडीचे ताटवे त्याच्याच पाण्यावर आहेत.

त्याच उन्हाळ्यात एकदा हरबाजी जेवायला बसले होते आणि मंजुळाआजी वाढत होती. त्यांच्या मनात कितीतरी दिवस एक गोष्ट घोळत होती. ते अडखळत म्हणाले, "आपल्या वेळी तू लाल उचललंस. चटकन उचललंस. मला अजून आठवतं."

आजीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मनापासूनच उचललं होतंस ना?"

आजीने त्यांच्या पानात भाकरी वाढली. "ताटात दुसरं होतं काय?" ती म्हणाली.

ती रागावून बोलली नव्हती. संसार सुखाचा झाला होता, मुलं झाली, माणूस वाईट नव्हता. पण मनापासून होतं की नाही हे आता तिलाही सांगता आलं नसतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. हरबाजी त्या दिवशी पानावरून तसेच उठले. लोकांना ही गोष्ट कशी कळली, असं पाहुणे विचारतात. कळली, कारण शेजारी सगुणा जेवत होती.

पुढच्या कार्तिकात गावातल्या सुंदरी नावाच्या मुलीला मागणं आलं. पंच बसले. ताट आलं. ताटात लाल, गुलाबी, पिवळं आणि पांढरं होतं. हरबाजी ओट्यावरून उठले, गुडघ्यावर हात ठेवत तीन पायऱ्या उतरले, पाचव्या झाडाचं फूल खुडलं आणि स्वतःच्या हाताने ताटात ठेवलं.

सुंदरीचा हात आधी हिरव्यावर गेला. मुलाचा बाप पागोट्याशी चाळा करू लागला. तिचा हात तिथे थांबला, तिने समोरच्या मुलाकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि मग हिरवं तसंच ठेवून लाल उचललं.

कितीतरी पिढ्या त्या ओट्यावर लाल फुलं उचलली गेली होती. पण खरा होकार ओट्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, असं सांगतात.

सगुणाचं पुढे काय झालं याविषयी एकमत नाही. कुणी म्हणतं, बांधाचे दगड रचायला आलेल्या एका पाथरवटाला तिने लाल फूल दिलं. कुणी म्हणतं, तिने लग्न केलंच नाही आणि शेवटपर्यंत झाडं राखली. केसांत फूल मात्र तिने कधी माळलं नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. म्हणून हिरवं फूल कुणी माळत नाही.

गोष्ट संपली. हौसाआत्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि त्या मुलाकडे वळल्या. "आता आण बघू पुढे, काय लपवलंयस ते."

घोळक्यात हशा पिकला. मुलाने कानापर्यंत लाल होत गुलाब पुढे आणला.

"एकटाच आणलास?"

"दुकानात हिरवा नव्हता, आत्या."

"दुकानात नसतोच तो," हौसाआत्या म्हणाल्या. कमरेची कात्री काढून त्यांनी पायरीशी वाकून एक हिरवं फूल कापलं आणि त्याच्या दुसऱ्या हातात दिलं. "धर. दोन्ही सारखे धर. लाल पुढे आणि हिरवा मागे असं नको."

आजही मालखेडीत ताटात हिरवा गुलाब आधी ठेवतात आणि बाकीचे मागाहून. आता ताट मुलीपुढे फिरतं तसं मुलापुढेही फिरतं. ज्या ताटात हिरवा नाही त्यातल्या लाल गुलाबाला गावात कुणी होकार मानत नाही, मग तो कितीही ताजा असो. रिवाजाचा आणखी एक भाग आहे: ताट पुढे केलं की बाकीच्यांनी दुसरीकडे बघायचं.

हौसाआत्या चिंचेकडे बघू लागल्या. घोळकाही इकडेतिकडे बघू लागला. मुलगा दोन्ही हात पुढे करून उभा होता. मुलगी दोन्ही फुलांकडे बघत राहिली. तिला कुणी घाई केली नाही.